तीन वर्षं गुणी असलेला इग्वाना आता चावायला लागलाय

पत्र थोडक्यात असं आहे: "आम्ही नाशिकला राहतो. मुलगा आठवीत असताना त्याने हट्ट करून पेट शॉपमधून हिरवा इग्वाना आणला, तेव्हा वीतभर होता, आता मुलगा अकरावीत आहे आणि पोपट्या, म्हणजे आमचा इग्वाना, शेपटीसकट चार फुटांच्या वर गेलाय. इतकी वर्षं कधी त्रास दिला नाही, मुलाच्या खांद्यावर बसायचा, डोक्यावरून हात फिरवला की डोळे मिटून घ्यायचा. नोव्हेंबरपासून मात्र अंगावर नारिंगी झाक आलीय, सारखी मान हलवतो, खाणं कमी झालंय आणि गेल्या आठवड्यात मी पिंजऱ्यातली खाण्याची ताटली काढायला हात घातला तर अंगठ्याजवळ असा चावला की चार टाके पडले. सासूबाई म्हणतात विषारी आहे, शिंकतो तेव्हा विष उडवतो. शेजारचे म्हणतात रेबीजची इंजेक्शनं घ्या. मुलगा म्हणतो आईच घाबरट आहे, मला तर काही करत नाही. नणंदेची चार वर्षांची मुलगी सुट्टीत येणार आहे. मिस्टर म्हणतात त्र्यंबकच्या जंगलात सोडून येऊ. मुलगा म्हणतो हा देऊन टाकू आणि दुसरा शांत जातीचा सरडा आणू, दुकानदाराने त्याला बेबी टेगूचा फोटोपण पाठवलाय. काय करू?"

ताई, आधी तुमच्या हाताचं बोलू, पोपट्याचं नंतर.

टाके पडलेत म्हणजे डॉक्टरांनी जखम धुतली असणार, टिटॅनसचं इंजेक्शन झालं असणार, नसेल झालं तर आजच विचारा. अंगठ्याजवळची जागा जरा नाजूक असते, तिथे कातडीच्या लगेच खाली स्नायूबंध असतात, त्यामुळे पुढचे काही दिवस अंगठा नीट वाकतोय ना, सूज वाढत नाहीये ना, लाली मनगटाकडे चढत नाहीये ना हे बघत रहा. पू आला, ताप आला किंवा अंगठा आखडल्यासारखा वाटला तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांना "सरपटणारा प्राणी चावलाय, इग्वाना" असं स्पष्ट सांगायचं, कारण याच्या तोंडातले जंतू कुत्र्या-मांजराच्या तोंडातल्या जंतूंपेक्षा वेगळे असू शकतात आणि अँटिबायोटिक निवडताना त्यांना ते कळायला हवं. एक केस सांगते, कोस्टारिकाला 2022 मधे समुद्रकिनाऱ्यावर केक खात बसलेल्या एका तीन वर्षांच्या मुलीला जंगली इग्वाना बोटाला चावला, जखम साधी होती, भरून आली, आणि पाच महिन्यांनी तिच्या हाताला तिथेच गाठ आली. तपासल्यावर मायकोबॅक्टेरियम मरीनम नावाचा जंतू निघाला, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, क्षयाच्या जंतूच्या नात्यातला. मुलगी योग्य औषधांनी सुधारली. असं फार क्वचित होतं, घाबरवायला सांगत नाहीये, पण चार-सहा महिन्यांनी त्या जागी न दुखणारी गाठ दिसली तर "अरे तेव्हा इग्वाना चावला होता" हे तुम्हाला आणि डॉक्टरांना दोघांनाही आठवावं म्हणून सांगतेय.

रेबीज फक्त सस्तन प्राण्यांचा आजार आहे. कुत्रा, मांजर, माकड, वटवाघूळ, मुंगूस यांच्याकडून होतो, सरडा, पाल, साप, कासव यांच्याकडून होत नाही. तरी इंजेक्शनं सुरू केली असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना प्राणी कोणता ते सांगा, ते ठरवतील.

आता विष. सासूबाईंना सांगा की इग्वानाच्या चाव्याने माणसाला विषबाधा होत नाही. जगात ज्यांचा विषारी दंश खरोखर धोकादायक म्हणून ओळखला जातो असे सरडे म्हणजे मुख्यतः अमेरिका-मेक्सिकोकडचे गिला मॉन्स्टर आणि बीडेड लिझर्ड. गिला मॉन्स्टरच्या चाव्याने 2024 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत कोलोरॅडोला एक माणूस गेलाही, त्याने तो घरी पाळला होता, म्हणून या प्राण्याबद्दल कोणी हलक्यात बोललं तर मला राग येतो. 2006 साली नेचर मासिकात एक मोठा अभ्यास आला होता, त्यात दाढीवाला ड्रॅगन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या सरड्याच्या तोंडातही विषासारखी प्रथिनं अगदी थोडी सापडली असं होतं, आणि तेव्हापासून इंटरनेटवर "इग्वानापण विषारी" असं फिरतंय, पण त्याचा माणसाच्या अंगावर परिणाम होण्याइतकं त्यात काही नाही. आपल्याकडे तर घरातल्या पालीलाही विषारी म्हणतात, तीही विषारी नाही. आणि ते शिंकणं! इग्वानाच्या नाकात मिठाच्या ग्रंथी असतात, अंगातलं जास्तीचं मीठ तो शिंकून बाहेर टाकतो. पिंजऱ्याच्या काचेवर पांढरे ठिपके वाळलेले दिसतात ना, ते मीठ आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि हात धुवा, बास.

तरी चावा इतका खोल का गेला हा प्रश्न उरतोच. इग्वाना पालेभाजी खाणारा प्राणी, तर लोकांना वाटतं दात बोथट असतील. उलट आहे. जाड पानं कातरायची म्हणून त्याला शंभरच्या आसपास छोटे छोटे चपटे दात असतात आणि प्रत्येक दाताची कड करवतीसारखी दातेरी असते. त्यात जबडा मजबूत. पानाचा जसा तुकडा पाडतो तसा कातडीचाही पाडतो, आणि आपण दचकून हात मागे ओढला की जखम आणखी फाटते. तुमचे टाके बहुतेक त्या ओढण्याचे आहेत. दोष देत नाहीये, कोणीही ओढेल. पण घरात सगळ्यांना सांगून ठेवा की परत कधी धरलं तर हात ओढायचा नाही, त्याचं अंग खालून आधार देऊन जमिनीवर टेकवायचं, डोळ्यांवर जाड टॉवेल टाकायचा, अंधार झाला आणि पाय जमिनीला लागले की बहुतेक वेळा सोडतो. जबडा बोटांनी उचकटायला जायचं नाही, दुसरा हात अडकेल. आणि शेपटी तर अजिबात धरायची नाही, शेपटी तुटून हातात राहू शकते.

आता मूळ प्रश्न, की तीन वर्षं गुणी असलेला प्राणी अचानक असा का झाला. ताई, तो अचानक झालेला नाही, तो वयात आलाय. तुमच्या पत्रात सगळी लक्षणं आहेत, अंगावर नारिंगी, मान हलवणं, खाणं कमी, थंडीच्या तोंडाला सुरू झालं, आणि वय तीन. नर इग्वाना साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रजननाला तयार होतो आणि मग दरवर्षी काही आठवडे ते काही महिने त्याच्या अंगात हे हार्मोन्स चढतात. जंगलात या दिवसांत तो एक झाड धरून बसतो आणि दुसरा नर आला की त्याला हाकलतो. तुमच्या घरात दुसरा नर नाहीये, पण पिंजरा त्याचं झाड आहे आणि त्यात वरून हात घालणारी व्यक्ती म्हणजे तुम्ही. यात तुमच्याबद्दल राग वगैरे काही नाही. पुढच्या वर्षी परत होणार आहे, आणि इग्वाना नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे हे एकदाच सोसून संपणारं नाही, याची घरात सवय लावून घ्यावी लागेल. मला तुमच्या घरातल्या सगळ्यांना हीच एक गोष्ट सांगायचीय, इग्वाना "माणसाळतो" म्हणजे आपल्याला सहन करायला शिकतो, आणि त्याची सहन करायची ताकद ऋतूप्रमाणे, थंडीप्रमाणे, दुखण्याप्रमाणे कमीजास्त होते. कुत्र्यासारखं प्रेम त्याच्याकडून मागितलं की मग तो चावला की विश्वासघात वाटतो.

ते डोळे मिटणं घ्या. लेक म्हणतो हात फिरवला की सुखावतो. काही इग्वाना खरंच शांत पडून राहतात, पण पुष्कळदा डोळे मिटणं म्हणजे "हे लवकर संपू दे" असं असतं, पळायला जागा नाही म्हणून तो समोरचं दिसणं बंद करतो. दोन्हीत फरक कसा ओळखायचा तर बाकीचं अंग बघायचं. पाय सैल आहेत का, पोट श्वासाबरोबर सावकाश हलतंय का, की अंग ताठ आहे आणि हाताकडच्याच बाजूचा एक डोळा मिटलाय. हे लेकाला बघायला सांगा, त्याला तीन वर्षांचा सहवास आहे, तो शिकला तर घरातला सगळ्यात चांगला जाणकार तोच होईल.

आणि दुसरं म्हणजे वरून येणारा हात. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट गोल खवला असतो, तो म्हणजे एक प्रकारचा तिसरा डोळा, त्याला चित्र दिसत नाही पण उजेड आणि सावली कळते. झाडावर बसलेल्या इग्वानाला सगळ्यात मोठी भीती वरून झडप घालणाऱ्या शिकारी पक्ष्याची, त्यामुळे वरून सावली पडली की विचार करायच्या आधीच त्याचं शरीर तयार होतं. तुम्ही ताटली काढायला वरच्या झाकणातून हात घातला असं मला पत्रावरून वाटतंय, आणि हात खाण्याच्या जागेपाशी, आणि त्याचा प्रजननाचा सीझन चालू. तीनही गोष्टी एकत्र आल्या. तुमच्या जागी लेकाचा हात असता तरी तो चावला असता, फक्त लेक ताटलीला हात लावत नाही (हे पत्रात लिहिलेलं नाही पण बहुतेक घरांत असंच असतं, प्राणी मुलाचा आणि ताटली आईची).

थंडीचा भाग वेगळाच आहे आणि त्याकडे आपल्याकडे कोणी लक्षच देत नाही. 1982 साली हर्ट्झ, ह्युई आणि नेवो या तीन शास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या सरड्यांवर काम केलं होतं, त्यांना दिसलं की अंग गरम असलं की सरडा धोका दिसल्यावर पळून जातो, आणि अंग थंड असलं की पळत नाही, जागेवर उभा राहून तोंड उघडतो आणि चावायला येतो. कारण साधं आहे, थंड अंगाने पाय वेगात हलत नाहीत, मग लढण्याशिवाय काय उरतं. नाशिकचा डिसेंबर तुम्हाला मी काय सांगणार, निफाडचा पारा दरवर्षी पेपरात येतो, रात्री घरातसुद्धा चांगलाच गारठा असतो. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला उष्ण दमट जंगलातला प्राणी आहे, त्याला दिवसा बसायच्या जागेवर 35 अंशांच्या आसपास ऊब हवी, बाकी पिंजऱ्यात 27 ते 30, आणि रात्रीही फार खाली जाऊन चालत नाही. साधा चाळीस वॅटचा बल्ब लावून हे होत नाही. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो, तो जाळीच्या आड लावायचा नाहीतर पोट भाजून घेतो, आणि डिजिटल थर्मामीटर दोन ठिकाणी लावायचा, अंदाजाने नको.

यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा, आहे का तेही बघा. खिडकीच्या काचेतून ऊन आत येतं पण त्यातला यूव्हीबी भाग काच अडवते, त्यामुळे "आमच्याकडे सकाळचं ऊन येतं" याचा उपयोग नाही. यूव्हीबी नसेल तर शरीरात डी थ्री जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम लागत नाही, हाडं मऊ होतात, जबडा सुजतो, पाय थरथरतात, आणि हाडं दुखणाऱ्या प्राण्याला उचललं तर तो चावणारच. तुमच्या पोपट्याचं वय आणि लक्षणं बघता मला हार्मोन्स जास्त वाटतात, पण खाणं कमी झालंय तर एकदा सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटला दाखवून एक्स-रे काढलेला बरा. नेहमीच्या कुत्र्या-मांजराच्या व्हेटला आधी फोन करून विचारा की इग्वाना बघता का, नसतील तर तेच कोणाचं तरी नाव सांगतात. नसबंदीचं कोणी सुचवलं तर घाई करू नका, चालू सीझनमधे ती केली म्हणून राग लगेच उतरेल याची खात्री नसते आणि ऑपरेशन छोटं नाही.

खाण्यात शेवग्याचा पाला, जास्वंदाची पानं-फुलं, तुतीचा पाला, किसलेला लाल भोपळा असं द्या. पालक रोज नको. अंडं, चिकन, मांजराचं खाणं अजिबात नको, दुकानदार काहीही सांगो, त्याच्या मूत्रपिंडांची वाट लागते.

आता चावा कसा टाळायचा. इग्वाना चावण्याआधी सांगतो, एकदा नाही, चार-पाचदा सांगतो. पहिलं म्हणजे मान. सावकाश वरखाली मान हलवणं हे रोजचंच, "मी इथे आहे" इतकंच, पण मान झटके दिल्यासारखी भरभर, डावी-उजवीकडे थरथरत हलायला लागली की तिथून हात लांब. मग गळ्याखालची झोळी ताणून धरतो, मग अंग आडवं वळवून बाजूने चपटं करतो म्हणजे तो मोठा दिसावा, पाय ताठ करून उंच उभा राहतो, शेपटी कमानीसारखी वाकवतो. शेपटीचा फटका हा त्याचा चाव्याआधीचा शेवटचा निरोप आहे, आणि चार फुटी इग्वानाचा फटका चाबकासारखा लागतो, डोळ्याला लागला तर इजा होऊ शकते. त्यानंतर तोंड उघडतो. मला खात्री आहे की त्या दिवशी यातलं काहीतरी झालं असणार, पण तुम्ही स्वयंपाकाच्या घाईत ताटली काढायला गेलात, तुम्ही त्याच्याकडे बघत नव्हता. तर आधी बघायचं, मग हात. भरभर मान चालू असेल तर ताटली तिथेच राहू दे, अर्ध्या तासाने कोणाचंही काही बिघडत नाही.

ताटलीची जागाच बदला. पिंजऱ्याला खालून, बाजूने उघडणारं दार करून घ्या, सुताराचं एका दिवसाचं काम आहे, आणि ताटली दाराच्या अगदी तोंडाशी ठेवा म्हणजे आत कोपरापर्यंत हात जायलाच नको. लांब चिमटा ठेवा. आत जावंच लागलं तर मधे एक पुठ्ठा किंवा उशी धरायची, त्याला मारायला नाही, तुमच्या दोघांत भिंत म्हणून. ओरडायचं नाही, फटका तर चुकूनही द्यायचा नाही, फटका म्हणजे त्याच्या लेखी समोर खरंच दुसरा नर आहे याचा पुरावा. वेल्डिंगवाले वापरतात तसे कातडी हातमोजे घरात असू द्या, रोज वापरायला नाही, व्हेटकडे नेताना. पिंजऱ्यासमोर आरसा किंवा ड्रेसिंग टेबल असेल तर झाका, दिवसभर त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल तर तो दिवसभर भांडत बसतो आणि मग जो समोर येईल त्याच्यावर निघतं. काही पाळणाऱ्यांचा अनुभव असाही आहे की एखाद्या ठरावीक रंगाच्या कपड्यावर इग्वाना बिथरतो, तुमच्याकडे असं काही दिसतंय का बघा. आणि पिंजरा किती मोठा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण चार फुटी प्राण्याला निदान सहा फूट लांब, तीन फूट रुंद, सहा फूट उंच जागा लागते, कारण तो झाडावर राहणारा आहे. गॅलरीचा कोपरा जाळी मारून बंद करता आला तर सगळ्यात छान, उन्हाळ्यात ऊनही थेट मिळेल.

लेकाला मात्र माझा निरोप जसाच्या तसा द्या. बाळा, तुला अजून चावला नाही म्हणजे चावणार नाही असं नसतं, आणि खांद्यावर तो बसतो तेव्हा त्याच्या तोंडापासून तुझा डोळा, कान, ओठ चार बोटांवर असतात. इग्वानाच्या सगळ्यात वाईट जखमा चेहऱ्याच्या असतात, आणि त्या अनोळखी लोकांना नाही, लाडाने जवळ धरणाऱ्यांनाच होतात. हा नारिंगी रंग उतरेपर्यंत खांद्यावर, मांडीवर, फोटोसाठी अजिबात नाही. आईला घाबरट म्हणू नकोस, तिने तीन वर्षं तुझ्या प्राण्याची ताटली धुतलीय. आजपासून ताटली, सफाई, पाणी, थर्मामीटर तुझं काम, आई पिंजऱ्याला हात लावणार नाही. तुला खरंच काही शिकवायचं असेल तर त्याला काठी शिकव, काठीच्या टोकाला एक रंगीत बॉल लावायचा, तो बॉलकडे आला की जास्वंदाचं फूल द्यायचं, असं रोज थोडं थोडं. इग्वाना हे शिकतात. मग त्याला हात न लावता एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येतं, आणि सीझनमधे ही गोष्ट सोन्यासारखी आहे. आत्ता सुरू करू नकोस, रंग उतरल्यावर कर.

नणंदेच्या मुलीचं सरळ सांगते, ती आहे तोवर पिंजरा असलेल्या खोलीला कडी. बोटं आत घालून बघण्याचा धोका आहेच, पण मला चाव्यापेक्षा साल्मोनेलाची जास्त काळजी वाटते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात हे जंतू असतात, प्राणी ठणठणीत दिसतो, विष्ठेतून ते त्याच्या अंगावर, फांदीवर, फरशीवर येतात. मोठ्यांना जुलाब-ताप होऊन जातं, लहान मुलांना ते रक्तात पसरू शकतं. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टच्या पुढची माणसं, गरोदर बाई, डायबेटिस किंवा कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेले, यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांना हात लावू नये आणि पाच वर्षांखालचं मूल कायम राहतं त्या घरात ते ठेवूच नयेत असं डॉक्टर सांगतात. म्हणजे सासूबाईंनाही लागू. त्याची ताटली किचनच्या सिंकमधे धुऊ नका, वेगळी बादली, वेगळा ब्रश, बाथरूममधे, आणि नंतर साबणाने हात. मुलीला बघायचाच असेल तर लेकाने तिला दारातून दाखवावा, गोष्ट सांगत सांगत, तेवढ्याने मुलं खुश होतात.

मिस्टरांना जंगलाचा विचार सोडायला सांगा. आधी तर तो त्या थंडीत मरेल. आणि नाही मेला तर ते जास्त वाईट, कारण हा आपल्याकडचा प्राणी नाही. फ्लोरिडात पाळलेले इग्वाना लोकांनी असेच सोडून दिले, आज तिथे ते बागा खातात, कालव्यांच्या बांधात बिळं करून बांध पोखरतात, शेवटी 2021 मधे तिथल्या सरकारने नवीन इग्वाना पाळायला घेण्यावरच बंदी आणली. कायद्याची बाजूही बघायला हवी. इग्वाना साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आपला वन्यजीव कायदा 2022 मधे बदलला त्यात असे परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले आणि 2024 च्या नियमांनी त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश या वेबसाइटवर नोंदणी करणं बंधनकारक झालं, आधीपासून असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती. तुमच्याकडे नोंदणी झाली नसेल तर वनविभागाच्या वन्यजीव शाखेत जाऊन पुढे काय करायचं ते विचारून घ्या, पेट शॉपची पावती असेल तर ती घेऊन जा. कोणाला द्यायचं ठरलं तरी तेच विचारून, नोंदीसकट, आणि ज्याच्याकडे जागा आणि अनुभव दोन्ही आहे अशालाच. नवीन घर मिळाल्याने त्याचा सीझन जाणार नाही, त्यामुळे घेणाऱ्याला चाव्याचं न लपवता सांगा.

आता "शांत जातीचा" सरडा. टेगूला स्पष्ट नाही. टेगू हुशार असतो, माणसाला ओळखतोही, पण तो अंडी, मांस, फळं सगळं खाणारा, मोठा झाल्यावर इग्वानाइतकाच लांब आणि त्याहून भारी, आणि जबडा असा की टाक्यांवर भागत नाही. खाण्याच्या वासाचा हात दिसला की तो आधी चावतो. ज्या घरात आत्ता एक मोठा सरडा सांभाळणं जड जातंय तिथे दुसरा, त्याहून ताकदीचा कशाला? टोके नावाची मोठी निळसर पाल कोणी दाखवली तर तीही नको, एकदा धरलं की सोडत नाही, शिवाय आपल्या देशात ती संरक्षित आहे. घोरपडीचं पिल्लू कोणी देतो म्हणालं तर देणाऱ्याची माहिती थेट वनविभागाला द्या, घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, पाळणं म्हणजे जेल.

स्वभावाने खरंच मवाळ म्हणावेत असे दोन, लेपर्ड गेको आणि दाढीवाला ड्रॅगन. लेपर्ड गेको वीतभर, चावला तर चिमटा बसल्यासारखं, रक्त क्वचितच येतं, पण घाबरला की शेपटी टाकतो. दाढीवाला ड्रॅगन बहुतेक वेळा हातावर निवांत बसतो, रागावला की हनुवटीखालचा भाग काळा करून फुगवतो, इतकं स्पष्ट सांगतो की नवख्यालाही कळतं. पण दोघांनाही जिवंत किडे लागतात, ड्रॅगनला ऊब आणि यूव्हीबी इग्वानासारखेच लागतात, साल्मोनेला दोघांनाही असतो. आणि आणायचाच तर आधी त्या जातीला नोंदणी लागते का ते वनविभागात विचारा, पक्कं बिल घ्या. माझं मत विचाराल तर हा सीझन पार पडेपर्यंत घरात नवीन काहीच आणू नका. जागा, हीटर, ट्यूब यांचा खर्च पोपट्यावर करा, मार्च-एप्रिलमधे रंग उतरलेला पोपट्या कसा वागतो ते बघून मग ठरवा की तो ठेवायचा की नाही. रागात असताना दिलेला प्राणी आठ दिवसांत परत दुकानात पोचतो.

आणि एक महत्त्वाचं राहिलं. हे सगळं मी पोपट्या नर आहे असं धरून लिहिलंय. लेकाला पिंजऱ्याच्या काचेतून, हात न लावता, मांडीच्या खालच्या बाजूचा फोटो काढायला सांगा. तिथे मोठ्या, उठून दिसणाऱ्या, मेणासारखं काहीतरी बाहेर आलेल्या छिद्रांची रांग असेल आणि जबड्याच्या खाली गाल जाड झाले असतील तर नर. छिद्रं बारीक असतील, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं असेल आणि सारखं कोपऱ्यात उकरत असेल तर ती मादी आहे आणि पोटात अंडी आहेत, नर नसतानाही मादी अंडी धरते. मग लगेच पिंजऱ्यात ओलसर माती-वाळूची खोल पेटी ठेवा आणि दोन दिवसांत व्हेट गाठा, कारण अंडी अडकली तर जीव जातो.